तुरा सारखा, पाय वेगळे

पूर्वी शालवती नगरीत पुष्पकेतू नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगरीच्या उत्तरेकडील अंजनवनात मोहोळघारीच्या कुळात जन्माला आला होता.

शिकारी पक्ष्याच्या कुळात बोधिसत्त्व कसा, असे कोणी विचारील. तर हा पक्षी शिकारी म्हणायचा तो दिसण्यापुरता. डोक्यावर तुरा, वाकडी चोच, पंखांखाली काळे पट्टे, असा सगळा थाट गरुडाचा; पण पोट भरायचे ते मधमाश्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर. त्यातही मधाची आवड बेताची, खरी ओढ पोळ्यातल्या अळ्यांची. माश्या डसू नयेत म्हणून त्याच्या तोंडावर बारीक, घट्ट, खवल्यांसारखी पिसे होती. पोळे उकरायला पाय सडपातळ आणि उघडे होते. नखे लांब होती, पण फारशी वळलेली नव्हती. त्या नखांनी ससा धरायचा म्हटले असते तर सशालाच हसू आले असते.

त्याच वनात, ओढ्याच्या पलीकडच्या उंच बेहड्यावर एक मोरघार राहत असे. ती खरी शिकारी. आकाराने बोधिसत्त्वाएवढीच, तोच तुरा, तेच पट्टे. आकाशात दोघे उडू लागले तर खालून पाहणाऱ्याला एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे वाटे. जवळून पाहिले तर मात्र पायांत फरक होता. तिचे पाय जाडजूड, बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले, आणि नखे विळ्यासारखी. ससा, रानकोंबडी, मोराचे पिल्लू, जे सापडेल ते त्या नखांत एकदा आले की सुटत नसे. तुराही तिचा जरा लांब होता, पण कोणाच्या तुऱ्याची लांबी कोण मोजत बसतो?

या सारखेपणाचा बोधिसत्त्वाला मोठा आधार होता. वनात ससाणे होते, बाज होते. दुबळ्या पायांच्या मोहोळघारीवर ते केव्हाही तुटून पडले असते. पण ते जवळ येत, तुरा आणि पट्टे पाहत, ही मोरघार आहे असे समजत आणि मुकाट्याने दुसऱ्या वाटेने निघून जात. बोधिसत्त्वाला हे ठाऊक होते. तो आपल्या जोडीदारणीला म्हणे, "आपण दुसऱ्याच्या नावावर निर्धास्त राहतो. हे विसरायचं नाही." ती हसून म्हणे, "नाव तिचं आणि पोळी आपली, याहून बरं काय असतं?"

त्या वर्षी वैशाखात त्यांच्या घरट्यात एक पिल्लू होते. ओढ्यापलीकडे मोरघारीच्या घरट्यातही एकच पिल्लू होते. दोन्ही पिल्ले पांढऱ्या लवीची, आणि दोघांनाही दिवसभर भूक लागलेली.

आता नगरीतले सांगतो. पुष्पकेतू राजाला चंपिका नावाची एकुलती एक मुलगी होती. ती नवव्या वर्षी तापाने गेली. तिने हाताने दाणे घालून वाढवलेली एक लांडोर राजवाड्याच्या बागेत मागे राहिली होती. राजा कारभार पाही, न्यायनिवाडा करी, पण मन कशात नसे. दोन वर्षांनी त्या लांडोरीने सहा पिल्ले काढली आणि राजाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसले. तो सकाळी उठल्याबरोबर खिडकीशी येऊन बसू लागला. पण पिल्ले करवंदीच्या जाळीत शिरून बसत आणि खिडकीतून दिसत नसत. तेव्हा राजाने मयूरपाल मल्लिकाला सांगितले, "ती जाळी काढून टाक. मला पिल्लं दिसू देत."

मल्लिक मोरांमध्येच म्हातारा झालेला माणूस. जाळी काढावी की नाही, याबद्दल त्याचे स्वतःचे एक मत होते. पण राजापुढे आपले मत आपल्यापाशीच ठेवायचे, अशी त्याची जन्माची सवय. त्याने जाळी मुळासकट काढली आणि जमीन सारवल्यासारखी स्वच्छ केली. राजाला पिल्ले दिसू लागली. आकाशातूनही ती दिसू लागली.

आठ दिवसांत तीन पिल्ले गेली. तिसरे गेले तेव्हा राजा खिडकीतच बसला होता. एक सावली खाली आली, लांडोर ओरडली, आणि पिल्लू नाहीसे झाले. राजाने मल्लिकाला विचारले, "कोण होतं ते? काय पाहिलंस?"

"तुरा पाहिला, महाराज," मल्लिक म्हणाला. "तुरेवाली घार होती."

मग राजाने वेळुक नावाच्या व्याधाला बोलावले. अंजनवनात फासे लावण्याचा हक्क वेळुकाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता. राजा म्हणाला, "त्या वनातली एकही तुरेवाली घार जिवंत राहता कामा नये. मारलेल्या प्रत्येक घारीचा तुरा कापून आण. तो वाड्याच्या दारावर टांगला जाईल. हे झालं नाही, तर वनावरचा तुझा हक्क संपला असं समज."

वेळुकाची बायको सामा गरोदर होती. वन गेले तर खायचे काय, हा प्रश्न होता. तो कामाला लागला.

मोरघार सावध असते. ती उंच बसते, माणसाची चाहूल तिला दुरून लागते. पण दुसरी एक तुरेवाली घार वेळुकाला सहज सापडू लागली. ती पोळ्यात डोके खुपसून घटका घटका उकरत बसे आणि मागे वळूनसुद्धा पाहत नसे. वेळुकाने सहा दिवसांत तीन तुरे नेऊन दिले. पहिले दोन तुरे लांबच्या दरीतल्या मोहोळघारींचे होते. तिसरा बोधिसत्त्वाच्या जोडीदारणीचा होता.

तुरे वाड्याच्या दारावर टांगले गेले. लोक येता जाता पाहत आणि म्हणत, बरे झाले, चोर सापडले. योगायोगाने चार दिवस एकही पिल्लू गेले नाही. त्यामुळे सर्वांची खात्रीच पटली. एवढ्या शहाण्या नगरीत दारावरच्या तुऱ्यांखाली उभे राहून, यांचे पाय कुठे आहेत, असे विचारणारा एकही माणूस निघाला नाही.

वनात बोधिसत्त्व एकटा पिल्लाला वाढवीत होता. जोडीदारीण गेल्यापासून तो दोघांचे काम करी. पोळ्याचा तुकडा आणायचा, अळ्या एकेक काढून पिल्लाच्या चोचीत घालायच्या, घरट्यात हिरवी पाने अंथरायची आणि पुन्हा निघायचे. दुःख करायला त्याला सवड नव्हती. तरी पोळे उकरताना तो मध्येच थांबे, कारण अशा वेळी ती शेजारच्या फांदीवर बसून राखण करीत असे, आणि ती फांदी आता रिकामी होती.

एके दिवशी मोरघार ओढा ओलांडून त्याच्या झाडावर आली. ती खालच्या फांदीवर बसली. मग म्हणाली, "दादा, पिल्लं मी नेली. वहिनीचा जीव माझ्यामुळे गेला."

"मला माहीत आहे, ताई," बोधिसत्त्व म्हणाला.

"माहीत होतं, तर माझ्या दारात येऊन भांडला का नाहीस?"

"भांडून ती परत आली असती, तर आलो असतो."

मोरघारीने मान खाली घातली. "गेल्या हिवाळ्यात राजाच्या माणसांनी शिकारीसाठी हाका करून या बाजूचे ससे आणि रानकोंबड्या सगळ्या मारून नेल्या. माझा नर ससाच शोधत हिंडत होता, तो गेला तो परत आलाच नाही. पिल्लू ओरडत होतं. खाली उघड्या अंगणात पिल्लं फिरताना दिसली. अंगण कुणाचं आहे, हे भुकेला कुठं कळतं? तुझ्यासारखं मला पोळ्यांवर जगता आलं असतं तर जगले असते. माझं पिल्लू अळीला तोंड लावत नाही."

बोधिसत्त्वाला तिचा राग आला नाही असे नाही. तो पक्षी होता, आणि त्याचे घर मोडले होते. पण पलीकडून तिच्या पिल्लाचा आवाज आला आणि त्याच क्षणी त्याच्या स्वतःच्या पिल्लानेही चोच उघडली. दोन्ही आवाजांत फरक करता येईना. तो म्हणाला, "जा ताई, तुझं पिल्लू हाक मारतंय. होईल तेवढं ते अंगण टाळ."

मोरघारीने दोन दिवस टाळले. तिसऱ्या दिवशी तिच्या पिल्लाने मान टाकली, तेव्हा तिला राहवले नाही. तिने अंगणातले चौथे पिल्लू उचलले. मल्लिकाने दगड मारला, पिल्लू तिच्या पायांतून सुटले आणि खाली पडून मेले. राणीने ते एका फडक्यात गुंडाळून ठेवले. चंपिकेच्या आवडत्या बकुळीखाली त्याला पुरायचे होते. राजाने वेळुकाला निरोप धाडला, "अजून एक उरली आहे. उद्यापर्यंत आण."

आपल्या पिल्लाने मान टाकल्याचे आणि अंगणातले पिल्लू सुटून पडल्याचे मोरघारीने त्याच संध्याकाळी बोधिसत्त्वाला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिसत्त्व जमिनीतले गांधीलमाश्यांचे पोळे उकरीत असताना त्याचा पाय फाशात अडकला. वेळुक झुडपातून बाहेर आला. त्याने एका हाताने पंख दाबले आणि दुसऱ्या हाताने सुरी काढली.

"वेळुका," बोधिसत्त्व म्हणाला, "तुरा कापण्याआधी एकदा माझे पाय बघ."

पक्षी माणसासारखा बोललेला ऐकून वेळुकाची सुरी खाली पडली. पण पाय त्याने पाहिले नाहीत. पाहायची गरजच नव्हती. "तुझे पाय मला माहीत आहेत," तो हळूच म्हणाला. "तिसरी घार मारली तेव्हा तिचं पोट फाटलं. आत अळ्या होत्या, मेणाचे तुकडे होते. मोराचं एक पीसही नव्हतं. तेव्हाच मला समजलं. पण राजानं तुरा मागितला होता. पोटात काय आहे ते त्यानं विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. माझ्या घरी बायको पोटुशी आहे, बाबा."

"ती तिसरी घार माझी बायको होती," बोधिसत्त्व म्हणाला.

वेळुक खाली वाकला. तो फासा सोडू लागला. बोधिसत्त्व म्हणाला, "थांब. आज मला सोडशील आणि उद्या दुसऱ्या कुणाचा तरी तुरा नेशील. तुझा नाइलाज आहे. त्यापेक्षा मला जिवंत राजाकडे घेऊन चल. एकच कर. वर घरट्यात माझं पिल्लू आहे. त्याच्यापुढे या पोळ्याचा मोठा तुकडा ठेव. अळ्या उचलून खायला ते नुकतंच शिकलंय. दोन दिवस त्याचं भागेल."

वेळुकाच्या घराण्यात आजवर झाडावर चढायचे ते घरट्यातले काही तरी खाली आणण्यासाठी. घरट्यात काही तरी ठेवायला चढणारा वेळुक पहिलाच. माश्यांनी त्याच्या हातावर आणि गालावर चांगलाच हिशेब चुकता केला. सुजल्या तोंडाने तो खाली उतरला आणि पक्ष्याला छातीशी धरून नगराकडे निघाला.

राजाच्या पुढे पक्षी ठेवताच मल्लिक ओरडला, "हीच ती! तुरा बघा, महाराज!"

"मल्लिककाका," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "काल पिल्लू सुटून पडलं. त्याच्या अंगावर नखांच्या जखमा असतील. महाराजांनी त्या माझ्या पायाशी ताडून पाहाव्यात."

दरबार चकित झाला. राणीने फडके आणून उलगडले. पिल्लाच्या पाठीत तीन आणि पोटात एक अशी चार खोल भोके होती. राजा स्वतः खाली बसला. त्याने बोधिसत्त्वाचा पाय हातात घेतला. पायाला माती आणि मेण लागले होते, मधाचा वास येत होता. बोटे बारीक होती. राजाने एक नख एका जखमेवर धरून पाहिले, मग दुसऱ्या जखमेवर. जखम रुंद आणि वाकडी होती, नख अरुंद आणि सरळ. त्याने चारही जखमा पाहिल्या. कशातच काही बसेना.

"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात," राणी हळू आवाजात म्हणाली. "आपण पाय सोडून डोकंच बघत बसलो."

राजाने दाराकडे पाहिले. तिथे तीन तुरे वाऱ्यावर हलत होते. "म्हणजे ते तिन्ही..."

"ते मधमाश्यांची पोळी खाणाऱ्यांचे आहेत, महाराज," वेळुक म्हणाला आणि त्याने राजाच्या पायांवर डोके ठेवले. "मला ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी. शिक्षा मला करा."

राजा पक्ष्याकडे वळला. मग त्याने बोधिसत्त्वाला म्हटले, "पाखरा, तू निरपराध आहेस."

"तसंही म्हणू नका, महाराज. मधमाश्यांना विचाराल तर त्या वेगळं सांगतील. त्यांच्या घरांत मी रोज डाका घालतो. मी तुमचा अपराधी नाही, एवढंच."

हे ऐकून राजाला क्षणभर हसू आले, पण फडक्यातल्या पिल्लाकडे लक्ष जाताच ते मावळले. तो म्हणाला, "मग माझा अपराधी कोण? तुझ्यासारखा तुरा असलेली दुसरी जात त्या वनात आहे. तू रोज वनावरून उडतोस. तिचं घरटं तुला माहीत असणार. ते झाड तेवढं सांग. मी तुला आत्ता सोडतो, आणि तुझ्या कुळाला कायमचं अभय देतो. पुन्हा कुणी मोहोळघारीवर हात उचलणार नाही."

वेळुकाने आशेने बोधिसत्त्वाकडे पाहिले. मागितलेली गोष्ट अगदी लहान होती. ओढा, बेहडा, एवढे दोन शब्द पुरले असते. त्याचे पिल्लू वाचले असते, सगळे कुळ वाचले असते. आणि ज्या घारीमुळे त्याची जोडीदारीण मेली, तिचाच ठाव तर द्यायचा होता. दरबारात कोणी त्याला दोष दिला नसता.

"घरटं मला माहीत आहे," बोधिसत्त्व म्हणाला. "पण सांगणार नाही."

"का?"

"महाराज, माझे पाय तुम्ही पाहिलेत. या पायांनी मी वनात एक दिवस जगलो नसतो. ससाणे येतात, माझा तुरा पाहतात, मला ती समजतात आणि निघून जातात. इतकी वर्षं मी तिच्या रूपाच्या आडोशाला जगलो. ते रूप उपयोगी पडत होतं तेव्हा मी कधी ओरडून सांगितलं नाही, की मी ती नव्हे. आज त्याच रूपापायी जीव जायची वेळ आली, तर तिच्याकडे बोट दाखवून बाजूला होऊ? फायदा घ्यायला सारखा आणि तोटा सोसायला वेगळा, हे मला जमायचं नाही."

राजाचा आवाज चढला. "अपराध्याला लपवणारा अपराधीच असतो! मग तिची शिक्षा तुला होईल."

"होऊ दे. तुम्हाला तुरा हवा होता. हा घ्या." असे म्हणून बोधिसत्त्वाने डोके पुढे केले.

राजाने वेळुकाकडे पाहिले. वेळुकाने सुरी जमिनीवर ठेवली आणि तो दोन पावले मागे सरला. वन गेले तर गेले, असे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होते. मग राजाने स्वतः सुरी उचलली. तुरा हातात धरला आणि तो थांबला.

"तुला पिल्लू आहे?" त्याने विचारले.

"एक आहे. वेळुकानं त्याच्यापुढे पोळं ठेवलंय. दोन दिवस पुरेल."

"आणि नंतर?"

"नंतरचं मला माहीत नाही." बोधिसत्त्वाने वनाकडे मान वळवली. "ते माझ्या वाटेकडे बघत बसेल, एवढंच माहीत आहे."

"तरी त्या खुनशी घारीसाठी तू मरतोस?"

"तिच्या एकटीसाठी नाही, महाराज. तिच्याही घरट्यात एक पिल्लू आहे. अजून पांढरं आहे, पिसं फुटायची आहेत. काल त्यानं भुकेनं मान टाकली होती. कोवळं पिल्लू मान टाकतं तेव्हा आईबापाला काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको."

राजाने सुरी खाली ठेवली. चंपिकेने शेवटच्या दिवशी अशीच मान टाकली होती, राजाच्याच दंडावर. दोन वर्षांत राजा कोणापुढे रडला नव्हता. तो आता भर दरबारात, पक्ष्यापुढे जमिनीवर बसून रडला, आणि कोणीही नजर वर केली नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, "मग मी काय करू, ते तूच सांग. दोनच पिल्लं उरली आहेत. माझ्या मुलीच्या हातची लांडोर आहे ती. तिची पिल्लं नुसती जाऊ देऊ?"

"नाही. ती जगलीच पाहिजेत. मल्लिककाका, मोराची पिल्लं लहान असताना कुठं राहतात?"

मल्लिकाने राजाकडे पाहिले, जमिनीकडे पाहिले, आणि जन्मात पहिल्यांदा आपले मत राजापुढे ठेवले. "जाळीत राहतात. करवंदीची जाळी होती, महाराज, तोवर एक पिल्लू गेलं नाही. ती काढली आणि घात झाला. काढायच्या आधी मी बोलायला हवं होतं."

"जाळी मी काढायला लावली," राजा सावकाश म्हणाला. "मला ती डोळे भरून बघायची होती."

"त्यात वाईट काही नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला. "फक्त पिल्लांना तुमच्या नजरेपेक्षा आडोशाची गरज जास्त होती. करवंदी पुन्हा लावा. ती वाढेतो काटेरी फांद्या रचून ठेवा. आणि वनाच्या या काठाला दोन वर्षं हाका करू नका. ससे परत आले की ती तुमच्या अंगणात येणार नाही. माणसाच्या इतक्या जवळ यायला तिला काही हौस नाही."

राजाने स्वतःच्या हाताने त्याच्या पायातला फासा सोडला. दारावरचे तिन्ही तुरे उतरवून त्याने वेळुकाजवळ दिले आणि ते वनात, ज्या झाडांवर पोळी लागतात त्यांच्या मुळाशी पुरायला सांगितले. वनावरचा वेळुकाचा हक्क त्याने कायम ठेवला, पण कोणत्याही घारीला, मग तिचे पाय कसेही असोत, फासा लावायचा नाही अशी आज्ञा केली. त्याच दिवशी बागेत काटेरी फांद्या रचल्या गेल्या. राणीने खिडकीतली राजाची बैठकही उचलली आणि जाळीजवळ जमिनीवर मांडली. तिथे बसले की पिल्ले दिसत नसत, पण त्यांचा आवाज ऐकू येई. राजा म्हणे, तेवढे पुरे.

बोधिसत्त्व वनात परतला तो तिसऱ्या दिवशी दुपारी, कारण फाशाने दुखावलेल्या पायामुळे त्याला मध्येच मुक्काम करावा लागला होता. सांगितलेले दोन दिवस उलटून गेले होते. घरट्यातून आवाज येत नव्हता. जवळ येताच त्याला दिसले, की घरट्याच्या वरच्या फांदीवर मोरघार बसली आहे. त्याने पंख मिटून थेट घरट्याकडे झेप घेतली. मोरघार काय खाते, हे त्याला ठाऊक होते.

मग पाने हलली, पिल्लाने मान वर काढली आणि बापाला पाहून चोच उघडली. पोळ्याचा तुकडा पार कोरडा पडला होता.

"व्याध तुला नेताना मी पाहिलं," मोरघार म्हणाली. "काल एक ससाणा इथं दोनदा येऊन गेला. मला बघून परत फिरला. इथून माझं घरटंही दिसतं. पहाटे एक उंदीर मिळाला, तो माझ्या पिल्लाला देऊन आले. याला काय भरवायचं असतं, ते मला माहीत नव्हतं, दादा. म्हणून नुसती बसून राहिले."

बोधिसत्त्वाने आणलेल्या अळ्या पिल्लाच्या चोचीत घातल्या. मोरघार उठली आणि ओढा ओलांडून आपल्या पिल्लाकडे गेली. राजाने शब्द पाळला, ससे परत आले, आणि ती पुन्हा कधी त्या अंगणात उतरली नाही.

शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा एका विहारात सांगितली. तिथे उपसाळ आणि वप्पक नावाचे दोन भिक्षू होते. दोघांची अंगलट एक, चीवरे एकाच रंगाची. वप्पकाने भुकेपोटी अवेळी भिक्षा घेतली होती आणि लोकांनी दोष उपसाळाला दिला होता. उपसाळ बोलणी खात राहिला, पण त्याने वप्पकाचे नाव घेतले नाही. वप्पक स्वतः येऊन रडला, तेव्हा सर्वांना कळले. त्यावर शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, हे आजच घडले असे नाही. त्या वेळचा राजा म्हणजे ज्यांनी उपसाळाला दोष दिला ते गृहस्थ सुदंत. मल्लिक म्हणजे विहाराचा द्वारपाल. व्याध वेळुक म्हणजे आज आजारी भिक्षूंची शुश्रूषा करणारा सोणक. मोरघार म्हणजे वप्पक. मोहोळघारीचे ते पिल्लू म्हणजे उपसाळ. बापाकडून जे शिकला ते तो विसरलेला नाही. आणि ती मोहोळघार मीच होतो."

वप्पकाने विचारले, "भंते, आणि मोरघारीचे पिल्लू?"

शास्ता म्हणाले, "ते वाचले, वप्पका. एवढे पुरे."

ज्याच्या छायेत आपण सुखाने राहिलो, त्याच्या वाईट दिवसांत त्याचे नाव न सांगणे, याला कृतज्ञता म्हणतात. आणि ज्याने आपले नुकसान केले त्याच्या पिल्लाची भूक आपल्या पिल्लाच्या भुकेसारखीच ऐकू येणे, याला मैत्री म्हणतात. त्या जन्मी बोधिसत्त्वाने ही मैत्री पूर्णत्वाला नेली.